हद्द आणि परतीची वाट

निकाल वाचून झाला होता. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेल्याचा आरोप शाबीत झाला होता. पिंजऱ्यातला मुलगा विशी-बाविशीतला, ऊसतोडीच्या हंगामात हाताला पडलेले घट्टे अजून न गेलेला. न्यायाधीशांनी फाइलमधला एक कागद उलटला आणि विचारले, ‘यापूर्वी तुला चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे. कबूल आहे?’ मागच्या बाकावर त्याची आई डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मुलाने एकदा तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘कबूल.’

वकिलीच्या व्यवसायात असे प्रसंग अनेक पाहिले, पण त्या दिवसाचा तो कागद मनातून गेला नाही. आपल्या फौजदारी प्रक्रियेत एक सुंदर नियम आहे. आरोपीची पूर्वीची शिक्षा दोषारोपात नमूद असली, तरी नव्या गुन्ह्यात तो दोषी ठरेपर्यंत ती न्यायालयात वाचून दाखवायची नसते आणि तिच्याबद्दल त्याला विचारायचेही नसते. जुन्या डागाने नवा निवाडा काळवंडू नये, म्हणून कायदा ते पान मुद्दाम मिटून ठेवतो. निवाडा झाला की मात्र पान उघडते आणि शिक्षेचे वजन बदलते. केबल तेवढीच, तिच्यातले तांबे तेवढेच, शेतकऱ्याचे नुकसानही तेवढेच. मग दुसऱ्या वेळी शिक्षा जास्त का? जास्तीची ती शिक्षा आपण कृत्याला देतो, की माणसाला?

हा ग्रंथ त्या प्रश्नातून जन्मला. पुन्हा गुन्हा करणाऱ्याचे काय करायचे, याची उत्तरे दोन मोठ्या परंपरांनी दिली आहेत. एक इस्लामी न्यायशास्त्राची, म्हणजे फिकहची, आणि दुसरी आधुनिक फौजदारी कायद्याची. त्या दोन्ही इथे शेजारी मांडून पाहिल्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात बसून हे लिहायचे कारणही सांगायला हवे. ज्या मुलखात मी राहतो, त्या जुन्या सातारा जिल्ह्याने ‘सराईत’ या शब्दाचे सगळे अर्थ भोगले आहेत. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. शेताची हद्द, गावाची हद्द, ठाण्याची हद्द, ‘आता मात्र हद्द झाली’. हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. फिकहमध्येही तोच शब्द आहे आणि अर्थही तोच आहे : सीमा. चोरी, मद्यपान, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ, वाटमारी अशा मोजक्या गुन्ह्यांच्या ठरीव शिक्षांना ‘हद्द’ म्हणतात. त्याखेरीजच्या बहुतेक गुन्ह्यांना काझीने परिस्थिती पाहून द्यायची शिक्षा म्हणजे ‘ताझीर’. राज्यकर्त्याने समाजाच्या सुरक्षेसाठी योजायचा उपाय म्हणजे ‘सियासत’. आणि पश्चात्ताप करून मागे फिरणे म्हणजे ‘तौबा’. तोबा, कबूल, जामीन, फौजदारी : आपल्या कचेरीची अर्धी भाषा या वाटेने आली आहे. विषय परका वाटणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की त्याचे शब्द आपण रोज बोलतो.

चोरीची हद्द म्हणजे हात तोडणे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. कुराणाच्या पाचव्या अध्यायातल्या अडतिसाव्या वचनात ती शिक्षा आहे. लगेच पुढच्या वचनात पश्चात्ताप करून सुधारणाऱ्याला क्षमेचे आश्वासन आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. न्यायशास्त्रींनी या शिक्षेभोवती अटींचे मोठे कुंपण घातले. चोरीचा माल ठरावीक किमतीचा हवा : हनफी संप्रदायाच्या मताने दहा दिरहम, इतर बहुतेकांच्या मताने पाव दिनार किंवा तीन दिरहम. माल राखणीत किंवा बंदोबस्तात असला पाहिजे. या अटीला ‘हिर्झ’ म्हणतात. झाडावर लटकणारे फळ तोडले तर हात तोडता येत नाही. उघड्या शिवारातल्या विहिरीवरची केबल या अटीत बसली असती का, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात आला होता. अट पुरी झाली नाही, तर चोर सुटत नाही. तो हद्दीतून ताझीरकडे जातो. दुसरे खलिफा उमर यांनी हिजरी १८ च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात चोरीची हद्द अमलात आणणे थांबवले, असे परंपरा सांगते. पोटात भूक असताना चोरीचा अर्थ बदलतो, हे त्यामागचे तत्त्व.

आता पुन्हा चोरी करणाऱ्याकडे वळू. पहिल्या चोरीला उजवा हात, दुसऱ्या चोरीला डावा पाय, इथपर्यंत चारही सुन्नी संप्रदायांचे एकमत आहे. तिसऱ्या वेळी वाटा फुटतात. शाफी आणि मालिकी मत म्हणते, तिसऱ्यांदा डावा हात आणि चौथ्यांदा उजवा पाय. हनफी मत तिथेच थांबते : तिसऱ्या चोरीला कोणताही अवयव तोडायचा नाही, तौबा करेपर्यंत कैदेत ठेवायचे. याचा आधार म्हणून चौथे खलिफा अली यांचा विचार दिला जातो. ज्या माणसाला खायला-धुवायला एक हात आणि चालायला एक पाय उरत नाही, अशा स्थितीत त्याला सोडायची आपल्याला देवापुढे लाज वाटते, असा त्याचा आशय आहे. सगळ्या ग्रंथाच्या तयारीत मी या जागी सर्वाधिक वेळ थांबलो. शिक्षेची शिडी चढत असतानाच एका पायरीवर काही न्यायशास्त्रींना वाटले की आता वर जाणे हा न्याय राहणार नाही. शिक्षेलाच त्यांनी हद्द घातली.

मद्यपानाबाबतही असेच झाले. चौथ्यांदा पिणाऱ्याला ठार करावे, असे सांगणारी एक हदीस, म्हणजे पैगंबरांची उक्ती, आहे. बहुसंख्य न्यायशास्त्रींनी ती रद्द झालेली मानली. अंदलुसियातल्या इब्न हझ्मसारख्यांनी ती कायम मानली, पण ते अल्पमतात राहिले. दुसरीकडे बुखारींच्या हदीस-संग्रहात एका माणसाची हकिकत आहे. तो पैगंबरांना हसवायचा आणि दारूपायी पुन्हा पुन्हा फटके खायचा. असाच तो एकदा आणला गेला, तेव्हा कोणीतरी त्याला शाप दिला. पैगंबरांनी शाप देणाऱ्याला थांबवले आणि या माणसाचे देवावर व त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे सांगितले. फटके चुकले नाहीत, पण माणूस समाजातून बाद झाला नाही.

फिकहमधला आणखी एक विचार आधुनिक वकिलाने जपून ठेवावा असा आहे. एकाच प्रकारचे अनेक गुन्हे शिक्षेआधी घडले असतील, तर त्या सगळ्यांना मिळून एकच हद्द. याला ‘तदाखुल’ म्हणतात. शिक्षा भोगून झाल्यावर पुन्हा गुन्हा केला, तरच नवी हद्द. शिक्षा हा इशारा आहे, आणि इशारा मिळाल्यावरही जो गुन्ह्याकडे वळला तोच खरा पुन्हा गुन्हा करणारा. इशाराच मिळाला नसेल, तर त्याने तो झुगारला असे म्हणता येत नाही.

ही परंपरा सगळी मवाळ आहे, असे मला अजिबात सुचवायचे नाही. हनफी ग्रंथांतच वारंवार गळा आवळून माणसे मारणाऱ्याला सियासत म्हणून देहदंड देण्याची मुभा आहे. इराणच्या २०१३ च्या दंडसंहितेप्रमाणे एकच हद्दगुन्हा तीनदा करून दर वेळी शिक्षा भोगलेल्याला चौथ्यांदा मृत्युदंड आहे. चोरीत तिसऱ्यांदा जन्मठेप आणि चौथ्यांदा मृत्यू आहे. पाकिस्तानच्या १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने हनफी पायऱ्या उचलल्या आणि तिसऱ्या चोरीला जन्मठेप ठेवली. खरा पश्चात्ताप झाल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर सुटकेची वाट मात्र तिथेही ठेवली. अवयव तोडणारी शिक्षा कोणत्याही राज्याने द्यावी, असे मला वाटत नाही, आणि हा ग्रंथ तिची तरफदारी करत नाही. माझा रस आहे तो जुन्या न्यायशास्त्रींनी शिक्षेला कुठे आणि का लगाम घातला, यात.

हा कायदा आपल्या भूमीवरून कसा गेला, तेही थोडक्यात सांगतो. औरंगजेबाच्या काळात सिद्ध झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी कायद्याचा मोठा संग्रह. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरुवातीला हाच फौजदारी कायदा चालवला आणि १७९० च्या दशकात अवयव तोडण्याऐवजी कैद आणली : दोन अवयवांऐवजी चौदा वर्षे, एका अवयवाऐवजी सात. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडने लेखी फौजदारी कायदा दिला. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली, आणि तिच्या कलम ७५ ने पुन्हा गुन्ह्याची आधुनिक शिडी उभी केली. नाण्यांच्या किंवा मालमत्तेच्या गुन्ह्यात तीन वर्षे वा अधिक शिक्षेच्या कलमाखाली एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १३ म्हणून जिवंत आहे.

नव्या संहितेने चोरीच्या कलमात एक भर घातली आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. दहा दिरहमांच्या अटीची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. किमतीची एक रेषा, आणि त्या रेषेखाली पहिल्यांदा चुकलेल्यासाठी वेगळा मार्ग. दोन परंपरा, हजार वर्षांचे अंतर, आणि प्रश्न तोच. कच्च्या कैद्याच्या सुटकेतही हाच फरक आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनावर सोडायचे, इतरांना निम्म्या काळानंतर. देहदंडाचे आणि जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत.

शिडी कुठे थांबवायची, यावर आपल्या न्यायालयांनीही विचार केला आहे. जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम ३०३ प्रमाणे फाशीच द्यावी लागे. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मुख्य निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला सक्तीची फाशी होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती काढली, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा तसा बदलला. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप असा कायदा केला. गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याची तशी शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायमही ठेवली. पुढे २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनीच तो कायदा सौम्य केला.

शक्ती मिल खटल्याला या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मुंबईत जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या दोन सामूहिक बलात्कारांनी महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी दंडसंहितेत कलम ३७६ ई आले होते : पूर्वी बलात्कारात दोषी ठरलेल्याला पुन्हा तसाच गुन्हा केल्यास जन्मठेप किंवा फाशी. दोन्ही खटल्यांत समान असलेल्या तिघांना एप्रिल २०१४ मध्ये या कलमाखाली फाशी झाली. पण दोन्ही खटल्यांतली दोषसिद्धी एकाच दिवशी झालेली होती. दुसरा गुन्हा घडला, तेव्हा पहिल्याची शिक्षा झालेली नव्हती. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीची जन्मठेप केली. पीडितांच्या वेदनेपुढे हा काथ्याकूट कोणाला क्षुद्र वाटेल. मला तो क्षुद्र वाटत नाही. ‘पुन्हा’ म्हणजे नेमके केव्हा, याचे उत्तर सैल राहिले, तर उद्या ते कोणावरही वापरता येते. तदाखुलचा जुना विचार इथे आजच्या वकिलाशी थेट बोलतो.

आणि ‘कोणावरही’ म्हणजे कोणावर, हे आमच्या मुलखाला चांगले माहीत आहे. आष्टा ज्या वाळवा तालुक्यात आहे, तो १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचा भाग होता. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचे नाव १९६० मध्ये सांगली पडले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केला. आता पुन्हा गुन्हा करण्याची गरज उरली नाही. पहिल्या गुन्ह्याचीही उरली नाही. विशिष्ट जातीत जन्म झाला, की माणूस सराईत. मांग, रामोशी, बेरड, कैकाडी, पारधी : मुलखामुलखातल्या अशा जातीजमातींना या संशयाने घेरले. हजेरी लागली. गावच्या पाटलासमोर जाऊन ‘मी आहे’ म्हणायचे, पाहुण्याच्या गावी जायचे तरी दाखला घ्यायचा. वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली, तेव्हा या हजेरीची आग त्यांच्या पानापानात होती. फिकहच्या कोणत्याही संप्रदायाने शिडीच्या पहिल्या पायरीआधी शाबीत झालेला गुन्हा मागितला असता. वसाहतीच्या कायद्याने फक्त जात विचारली.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये झाला. कागदावर ते जातीवर नव्हे, तर दोषसिद्धीवर उभे आहेत. पण शब्द बदलला म्हणून नजर बदलत नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर केलेल्या लिखाणातून उभी राहिलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाली काढली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले, की तुरुंगाच्या नियमपुस्तकांत ‘सराईत’ म्हणजे कायद्याने ठरवलेला सराईत. त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमातीत जन्मलेला माणूस आपोआप सराईत होत नाही. सक्तीच्या फाशीची शिडी वडील यशवंत चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये तोडली होती. जन्मावरून लागणारा शिक्का मुलाने ४१ वर्षांनी पुसायला घेतला.

गुन्हा घडण्याआधीच माणसाला लांब ठेवण्याचे उपाय आजही चालू आहेत. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली, की ‘रेकॉर्डवरच्या’ माणसांना नोटिसा जातात, चॅप्टर केस होते, मुचलके लिहून घेतले जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५, ५६ आणि ५७ या कलमांखाली दोन वर्षांपर्यंत तडीपारी होते. यातल्या काही कारवायांची गरज मी नाकारत नाही. वारंवार दहशत माजवणाऱ्याच्या गल्लीत राहणाऱ्यांनाही जगायचे असते. पण तडीपार म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर ढकललेला माणूस. पलीकडच्या काठावर तो कोणते काम करतो, कोणाकडे जेवतो, परत येतो तेव्हा कोण होऊन येतो, हे आदेशात लिहिलेले नसते. ते आपण विचारायला हवे.

याच जिल्ह्याने त्याचे दुसरे उत्तरही दिले आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसवले. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहता यावे म्हणून. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळेच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली, आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘दो आँखे बारह हाथ’ काढला. चित्रपट बर्लिनपर्यंत पोचला. वसाहत मात्र आटपाडीच्या माणदेशातच आहे, आणि आजही चालू आहे. एका गोष्टीची खंत वाटते. महाराष्ट्रातल्या खुल्या कारागृहांच्या नियमांप्रमाणे सराईत ठरलेल्या कैद्याची निवड होत नाही. भिंतीशिवाय जगून पाहण्याची संधी ज्याला सर्वात जास्त हवी, त्यालाच ती बंद आहे.

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात फिकहमधली हद्द, ताझीर आणि सियासत. दुसऱ्यात दंडसंहितेपासून न्याय संहितेपर्यंतची वाटचाल. तिसऱ्यात हजेरी, विमुक्त जमाती आणि सराईतांचे कायदे. चौथ्यात खुली कारागृहे आणि परिवीक्षा. मी मौलवी नाही. अरबी ग्रंथ अनुवादांतूनच वाचले आहेत. त्यामुळे जिथे संप्रदायांत मतभेद आहेत, तिथे ते मतभेद म्हणूनच नोंदवले आहेत, निकाल दिलेला नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने, पोलीस ठाण्यात बसणाऱ्या अंमलदाराने आणि ज्याच्या घरात एक ‘रेकॉर्डवरचा’ मुलगा आहे त्या आईबापाने, तिघांनीही हे वाचावे, ही इच्छा.

सगळे वाचून, लिहून झाल्यावर मनात जे ठाम झाले, ते एवढेच आहे. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा देण्याचा अधिकार समाजाला आहे, पण तीन अटींवर. आधीचा गुन्हा शाबीत झालेला हवा, संशयाचा किंवा जातीचा नको. ‘पुन्हा’ म्हणजे शिक्षेचा इशारा मिळाल्यानंतर पुन्हा. आणि शिडीच्या कोणत्याही पायरीवरून खाली उतरायची वाट उघडी हवी. या तिन्ही अटी मला दोन्ही परंपरांत सापडल्या, आणि त्या मोडल्याच्या खुणाही दोन्हींत सापडल्या.

वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असा एखादा मुलगा असेलच. शिक्षा भोगून तो परत आला असेल किंवा उद्या येईल. त्याला शेतावर, दुकानात, गॅरेजमध्ये कामाला ठेवाल का, याचे उत्तर हे पुस्तक मिटण्याआधी स्वतःला द्या. न्यायालय शिक्षा देऊ शकते, रोजगार देऊ शकत नाही. तो तुम्हाआम्हालाच द्यायचा आहे.

आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली